सार्वजनिक वाय-फाय : संख्येइतकाच ओळखीचाही प्रश्न

सार्वजनिक वाय-फायची चर्चा आपल्याकडे बहुधा हॉटस्पॉटच्या संख्येपाशीच थांबते. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचे लक्ष्य ठेवले होते. देश त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. मात्र जिथे वाय-फाय उपलब्ध आहे तिथेही अनेक जण ते वापरत नाहीत, याकडे धोरणकर्त्यांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

याचे मूळ नेटवर्क शोधण्याच्या पद्धतीत आहे. वाय-फाय केंद्र साधारणपणे सेकंदाला दहा वेळा आपले नाव प्रसारित करते आणि फोन ते ऐकतो. परंतु हे नाव कोणीही धारण करू शकतो. पासवर्ड नसलेल्या नेटवर्कच्या बाबतीत फोनकडे नावापलीकडे फारशी खूण नसते. त्यामुळे रेल्वे स्थानकाच्या किंवा हॉटेलच्या नेटवर्कचे नाव लावून एखादा भामटाही सापळा रचू शकतो. खऱ्या नेटवर्कशी जोडल्यावरही प्रवेशपृष्ठ, मोबाईल क्रमांक आणि ओटीपी हे सोपस्कार जवळपास प्रत्येक ठिकाणी नव्याने करावे लागतात.

यावरचा तांत्रिक उपाय जुनाच आहे. २०११ मध्ये वाय-फायच्या मानकात ‘८०२.११यू’ ही भर पडली. तिच्यामुळे फोन जोडणीपूर्वीच केंद्राला विचारू शकतो, ‘तू कोणत्या संस्थांचे ग्राहक स्वीकारतोस?’ याच पायावर वाय-फाय अलायन्सने २०१२ मध्ये ‘पासपॉइंट’ प्रमाणपत्र योजना सुरू केली. यात ग्राहकाची ओळख त्याची मूळ संस्था पटवते, नेटवर्कलाही आपली सत्यता सिद्ध करावी लागते आणि हवेतून जाणारी माहिती सांकेतिक होते. विद्यापीठांचे ‘एड्युरोम’ ओळखीची हीच व्यवस्था त्याहीपूर्वीपासून अनेक देशांत यशस्वीपणे चालवत आहे. ‘ओपनरोमिंग’ हा महासंघ, जो २०२० पासून वायरलेस ब्रॉडबँड अलायन्सकडे आहे, तिला विद्यापीठांच्या आवाराबाहेर नेऊ पाहतो.

आपल्या ‘पीएम-वाणी’ योजनेने दुसरी बाजू हाताळली. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या या योजनेत चहाच्या टपरीलाही परवान्याशिवाय वाय-फाय विकता येते. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा विक्रेत्यांसाठी २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीचा दर सामान्य ग्राहकाच्या दराच्या दुपटीहून अधिक नसावा, असेही ठरवले. अर्थकारण अशा रीतीने सावरत असले, तरी ग्राहकाची ओळख अजूनही अॅप आणि प्रवेशपृष्ठाच्या आधारेच पटते. खिशातला फोन आपोआप जोडला जावा, ही सोय तिथे गृहीत धरलेली नाही.

गोव्याला याची झळ दोन्हीकडून बसते. भारतीय सिमकार्ड नसलेल्या विदेशी पर्यटकाला ओटीपीची अट दारातच अडवते. दुसरीकडे, मोबाईल मनोऱ्यांना अनेक गावांत विरोध झाला असून डोंगराळ भागांत सिग्नलची ओरड कायम आहे. तिथे पंचायत घर, ग्रंथालय, बसस्थानक अशा जागी वाय-फाय हा व्यवहार्य पूरक पर्याय ठरू शकतो. मात्र प्रत्येक ठिकाणी नवे पृष्ठ उघडावे लागणार असेल, तर लोक त्याकडे पाठ फिरवतील.

सावधगिरीही हवी. ओळख एकाच संस्थेकडे असेल, तर ग्राहक कुठे कुठे फिरला याची नोंदही तिच्याकडे साठू शकते. वापरकर्त्याचा माग लागणे कायद्यासाठी आवश्यक असले, तरी त्या नोंदी किती काळ ठेवायच्या आणि त्या कोणी पाहायच्या, हे आधीच ठरले पाहिजे.

म्हणूनच सरकारी निविदांत यंत्रांची संख्या आणि वेग यांच्या जोडीला तीन अटी असाव्यात : पासपॉइंटची सुविधा, विदेशी अभ्यागतांसाठी ओटीपीखेरीज ओळखीचा मार्ग आणि नोंदींची मुदत. खरेदीनंतर या गोष्टी जोडणे महाग पडते. निविदेच्या मसुद्यात त्या आताच लिहिता येतात.