वाट विचारून चाला

गेल्या वैशाखातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. मी गच्चीवर कुरडया घालत होते, तेवढ्यात खालून हाक आली, "ताई, हातातलं टाका आणि चला आधी." आमच्या बचत गटातली बाई. जवळच्या वाडीवर राहते, एरवी कधी आवाज चढवून बोलायची नाही. तशीच चिकट हातांनी तिच्या मागे गेले. पाहते तो तिच्या शेतातून तीन जीपगाड्या आडव्या गेलेल्या. बांध दोन ठिकाणी फुटलेला आणि नुकत्याच भाजलेल्या राबावर चाकांचे खोल चर पडलेले.

गाड्या पुढे ओढ्यापाशी उभ्या होत्या. मुलं शहरातली, पंचविशी-तिशीची. उद्धट मुळीच नव्हती. एक जण म्हणाला, "काकू, आम्हाला वाटलं मोकळं रान आहे. मोबाइलच्या नकाशात इथून वाट दिसत होती." खरं सांगते, त्याचा राग येईना. कारण उन्हाळ्यात आमची भातखाचरं खरोखरच मोकळ्या रानासारखी दिसतात. ज्याला माहीत नाही, त्याला राब म्हणजे नुसती काळी राख!

पण मैत्रिणींनो, त्या राखेत काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. शेण, कवळ, पालापाचोळा, गवत यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि मग भाजायचं. हे सगळं डोक्यावरून वाहून आणतं कोण? बाईच. होळीच्या आधीपासून तिच्या फेऱ्या चालू असतात. त्याच जमिनीत पुढे भाताचं बी पडतं, रोपं उगवतात आणि मग आवणी. बांध फुटला तर खाचरात पाणी ठरत नाही. पाच मिनिटांची मजा झाली आणि एका घराचं वर्षाचं गणित बिघडलं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. उन्हाळा आला की कल्याण, बदलापूर, डोंबिवलीकडून गाड्या येतात. कुणाला चारचाकी खडकातून चढवायची असते, कुणाला जाड टायरची सायकल डोंगरउतारावरून सोडायची असते. सगळे नव्या वाटा शोधत असतात. मला म्हणायचं आहे ते एवढंच, की इथे नवी वाट कुठलीच नाही. प्रत्येक वाट कुणाच्या तरी पायाखालची आहे.

पाहा ना. नाणेघाट दोन हजार वर्षांपूर्वीचा. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल याच घाटाने जुन्नरला चढायचा. तिथल्या लेण्यात नागनिका राणीचा लेख आहे, घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. आमची म्हशाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. तिचा बैलबाजार किती जुना, कुणी सांगावं! टेम्पो नव्हते तेव्हा लोक बैल चालवत आणायचे, त्यांच्या खुरांनी किती वाटा रुळल्या. सिद्धगडाकडे जाणाऱ्या रानवाटांनी स्वातंत्र्यलढ्यातली माणसं पाहिली. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच हुतात्मा झाले. आणि उरलेल्या वाटा? त्या पाण्याच्या हंड्यांनी आणि लाकडाच्या मोळ्यांनी पाडल्या. त्यांवर कुणाचं नाव नाही, पण त्या बायकांच्या वाटा आहेत.

म्हणून कुणी येऊच नये असं मी म्हणते का? छे! बाहेर पडण्याचं सुख मलाही कळतं. माझी भाचरं दर मे महिन्यात येतात. पूर्वी दिवसभर मोबाइल घेऊन पंख्याखाली पडून असायची. दोन वर्षांपूर्वी भाच्याने आपली गिअरची सायकल टेम्पोत टाकून आणली. माझी लेक तिच्या शाळेच्या साध्या सायकलवर त्याच्या मागे. सकाळी सहाला निघायची, ऊन चढायच्या आत नऊला घरी. सोबत पाणी, गूळ-शेंगदाणे, हवेचा पंप आणि पंक्चरचं सामान. नारिवलीच्या बाजूच्या गाडवाटा, देहरीकडे गोरखगडाच्या पायथ्याचे कच्चे रस्ते, असं ती हिंडायची. येताना करवंदांनी तोंडं काळी-जांभळी. एक दिवस मीही ओढणी कमरेला बांधून सायकलवर बसले. वीस वर्षांनी! पारावरची मंडळी हसली, हसू देत. त्या रात्री पाय दुखले, पण झोप कशी लागली म्हणून सांगू!

एक सांगते. मोठ्या रस्त्याला, माळशेज घाटाकडे मुलांना सायकलवर पाठवू नका. तिथे मालाच्या गाड्या धावत असतात. मुलांसाठी गाडवाटाच बऱ्या. सायकल सावकाश जाते, आवाज करत नाही, समोरून मोळीवाली आली तर उतरून बाजूला होता येतं. जीपचं तसं नसतं. अरुंद पायवाटेवर ती चढली की पायवाट संपलीच. टिटवी या दिवसांत उघड्या माळावरच अंडी घालते, ती चाकाखाली कधी आली ते चालवणाऱ्याला कळतही नाही. गवत वाळून कोळ झालेलं असतं, तिथे एक सिगारेटचं थोटूक पुरतं वणव्याला.

आणि पाणी! भातसा, तानसा ही धरणं आमच्या शेजारच्या शहापूर तालुक्यात. त्यांचं पाणी मुंबई पिते आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी वाड्या एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहतात. ज्या डोहातून बाई हंडा भरते, त्यात कुणी चिखलाची गाडी धुतली तर तिने काय करायचं?

काही म्हणतील, जंगलखात्याचा कायदा आहे की. आहेच. सिद्धगडाकडचं रान भीमाशंकर अभयारण्यात येतं. शेकरूसाठी १९८५ साली ते जाहीर झालं. अशा ठिकाणी परवानगीशिवाय शिरता येत नाही, मग गाडी हवी तिथे घालणं दूरच. पण खाचरं, माळ, गावठाणाच्या कडा यांना अभयारण्याचा कायदा नाही. तिथे गावानेच बोलायला हवं.

हे भांडण काही आपल्याकडेच नाही. डोंगरातल्या सायकलीचं वेड १९७०च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या टॅमलपाइस डोंगरावर वाढलं. पोरं जुन्या जड सायकली घेऊन उतारावरून सुटायची. लवकरच पायी फिरणारे, घोडेवाले आणि सायकलवाले यांच्यात वाद सुरू झाले. शेवटी रुंद वाटांवर सायकल चालेल, अरुंद पायवाटांवर नाही, वेग इतकाच, असे नियम तिथेही करावे लागले. खेळ काही बुडाला नाही. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ही शर्यत आली आणि पहिल्याच वर्षी बायकांचीही शर्यत झाली. इटलीची पाओला पेझो जिंकली. नियमांनी मजा जात नाही, हे यातून घ्यायचं.

मग आपण काय करायचं? हा विषय आमच्या गटाच्या बैठकीत काढला तर दोन तट पडले. एकीचा मुलगा रस्त्यावर चहाची टपरी चालवतो. ती म्हणाली, "गाड्या बंद केल्या तर आमच्या पोटाचं काय?" बरोबर आहे तिचं. दुसरी म्हणाली, "पोरांचं ठीक, पण पोरींना सायकलवर रानात कसं पाठवायचं?" तिचीही भीती खोटी नाही. चार जणी मिळून पाठवा, वेळ ठरवून द्या, एक जाणता माणूस बरोबर द्या. पण पाठवूच नका, असं मी म्हणणार नाही. जी वाट आई मोळी घेऊन रोज तुडवते, ती लेकीला हौसेसाठी बंद का असावी?

माझं मत असं. गावाने सायकलींसाठी दोन-तीन वाटा ठरवून द्याव्यात. वळणावळणावर दगडाला चुना फासला तरी पुरे, मोठा खर्च नाही. गावातला एखादा तरुण वाटाड्या म्हणून सोबत जाईल, त्याला त्याचे पैसे मिळावेत. बचत गटाने जेवण द्यावं, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कैरीची चटणी. बाहेरून येणाऱ्या बायका-मुलींसाठी एक स्वच्छ संडास हवाच. जीपवाल्यांनी आहेत त्या कच्च्या रस्त्यांवरच राहावं. खडक चढायची फारच हौस असेल तर एखाद्या मालकाचा पडीक माळ रीतसर भाडं देऊन घ्यावा. इगतपुरीकडे अशा गाड्या चालवायला शिकवण्यासाठी वेगळी जागा केलेली होती, म्हणजे न जमण्यासारखं यात काही नाही.

आणि हे बोलायचं कुठे? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, असा आपल्या राज्याचा कायदाच आहे. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, तिथे आपण जाऊन बसायचं. १ मेची ग्रामसभा ऐन सहलींच्या दिवसांत येते. वाटा, पाणी, राब हे सगळं तिथे मांडता येईल. रस्त्यांचे निर्णय पुरुष घेतात आणि चालतो मात्र आपण, हे किती दिवस चालवायचं?

त्या मुलांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच. त्यांनी माफी मागितली, पैसे दिले, बांध घालायला हातही लावला. पण राब दुसऱ्यांदा काही भाजता आला नाही. कवळ संपलेला, शेण संपलेलं, पाऊस तोंडावर आलेला. तिने शेजाऱ्याकडून रोपं मागून घेतली आणि तीन खाचरं लावली. चौथं तसंच पडून राहिलं.

या उन्हाळ्यात तुमच्याकडे कुणी पाहुणे येणार असतील, तुमचीच मुलं मित्रांबरोबर कुठे निघणार असतील, तर त्यांना एवढं शिकवून ठेवा. गावात शिरलात की आधी गाडी थांबवा. ओट्यावर जी बाई बसली असेल तिला विचारा, "मावशी, ही वाट कुठे जाते? इथून गेलं तर चालेल का?" ती नाही म्हणायची नाही. उलट कुठून जावं ते सांगेल, आणि वर तांब्याभर पाणीही देईल.