डुकराच्या हृदयाआधी

डुकराचे हृदय माणसाला बसवणे हे पाप, असे गेल्या अंकातील पत्रलेखक म्हणतात. मग डायलिसिसच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून टोचतात ते हेपारिन? तेही बहुतेक डुकराच्या आतड्यातूनच काढतात. वाशिमात कुणी नाकारल्याचे ऐकिवात नाही. खरा प्रश्न परवानगीचा आणि देखरेखीचा. आसाममध्ये डॉ. धनीराम बरुआ यांनी 1997 मध्ये असे हृदय बसवले. रुग्ण आठवडाभरात दगावला, डॉक्टर तुरुंगात गेले. 2022 मध्ये बाल्टिमोरला रीतसर परवानगीने जनुके बदललेले हृदय बसवले. रुग्ण दोन महिने जगला. प्रयोग व्हावेत, पण उघडपणे. आणि मुक्या जिवांचा एवढा कळवळा असेल, तर पत्रलेखकांनी आधी स्वतःच्या अवयवदानाचा अर्ज भरावा.

– एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशिम