अंदमानला जहाजानं जा, निदान एकदा

आनेकलहून अंदमानला जायचं तर विमानच, यावर आता कुणी वादही घालत नाही. चंदापुरा-जिगणी पट्ट्यातले माझ्या ओळखीचे मराठी लोक, त्यांत निवृत्त फौजीही आले, मला विचारतात ते एवढंच: बेंगळुरूहून थेट विमान घ्यावं की चेन्नई गाठून? जहाजाचं नाव काढलं की मी बैलगाडी सुचवल्यासारखे चेहरे होतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे. धडधाकट माणसानं अंदमानची एक बाजू जहाजानं करावी, आणि मराठी माणसानं तर करावीच.

आधी हिशेब, म्हणजे लबाडी नको. आनेकल बेंगळुरूच्या दक्षिण टोकाला आणि विमानतळ देवनहळ्ळीला, उत्तरेच्याही पलीकडे. सिल्क बोर्ड आणि हेब्बाळ ओलांडत साठ-सत्तर किलोमीटर. पहाटेचं विमान असेल तर मध्यरात्रीच घर सोडायचं. थेट उड्डाण अडीच-पावणेतीन तासांचं. म्हणजे सगळं धरून सात-आठ तासांत तुम्ही पोर्ट ब्लेअरला. (2024 पासून त्याचं नाव श्री विजय पुरम झालंय, पण जीभ अजून वळत नाही.) जहाजासाठी आधी अत्तिबेले-होसूर-कृष्णगिरी-वेल्लोर करत चेन्नई, सव्वातीनशे किलोमीटर. रात्रीची बस बरी. घराजवळ आनेकल रोड स्टेशन आहे म्हणून हुरळू नका, ती लाइन सेलमला जाते. पुढे समुद्रातले साधारण बाराशे किलोमीटर, साठेक तास. एकूण साडेतीन दिवस धरा. पैशांत बंक स्वस्त पडतो, चांगली केबिन मात्र स्वस्तातल्या विमान तिकिटाच्या आसपास जाते. म्हणजे वेळेत विमान सरळ जिंकतं आणि पैशांतही जहाज फार मोठी बाजी मारत नाही.

तरीही जहाज, कारण हा हिशेब ज्या प्रश्नाचा आहे तो प्रश्नच अर्धवट आहे. आपण अंदमानला कशाला जातो? मराठी सहलींच्या पत्रकात पहिलं नाव सेल्युलर जेलचं असतं. सावरकरांच्या कोठडीसमोर हात जोडायचे, संध्याकाळी ध्वनिप्रकाश कार्यक्रम बघायचा, दुसऱ्या दिवशी हॅवलॉकच्या किनाऱ्यावर फोटो. हे करू नये असं मी म्हणत नाही. पण काळं पाणी हे तुरुंगाचं नाव नाही, समुद्राचं आहे. शिक्षेचा निम्मा अर्थ त्या पाण्यात होता. ठाण्याहून रेल्वेनं मद्रास, तिथून ‘महाराजा’ बोटीच्या तळाशी पिंजऱ्यात, आणि 4 जुलै 1911 ला अंदमान. ‘माझी जन्मठेप’ घराघरांत आहे. त्यातला हा प्रवास वाचून डोळे पुसणारे आपण तेवढंच अंतर खिडकीचा पडदा ओढून झोपेत कापतो. दोन दिवस चारी बाजूंना पाण्याखेरीज काही दिसत नाही, फोनला रेंज नाही, तेव्हा तिथून परत येणं अशक्य का वाटत असेल ते कुठल्याही गाइडशिवाय कळतं.

दुसरं कारण फौजी आहे. 2001 मध्ये तिन्ही दलांची देशातली पहिली संयुक्त कमान अंदमान-निकोबारला उभी राहिली, ती उगाच नाही. इंदिरा पॉइंटपासून सुमात्रा दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि चेन्नई त्याच्या कितीतरी पट दूर. विमानानं जाणाऱ्याला ही बेटं म्हणजे चेन्नईचं लांबचं उपनगर वाटतात. तिथली धावपट्टीसुद्धा नौदलाची, आयएनएस उत्क्रोशची, आणि नागरी विमानं तीच वापरतात. 26 डिसेंबर 2004 ला त्सुनामीनं कार निकोबारचा हवाई तळ उद्ध्वस्त केला, तेव्हा विमानं आणि हेलिकॉप्टरं होतीच, पण अवजड मदत जहाजांनीच वाहिली. सिमेंट, धान्य, इंधन, पलटणीचं जड सामान आजही समुद्रावरूनच जातं. बेटावरचा माणूस जहाजाला ‘पर्याय’ म्हणत नाही.

आणि ती माणसं कोण? आपलीच. 1969 पासून पुढची दहा-अकरा वर्षं सरकारनं ग्रेट निकोबारला माजी सैनिकांची तीनशेहून अधिक कुटुंबं वसवली. पंजाबी होते, तमिळ होते, आणि महाराष्ट्रातलेही होते. जंगल तोडून त्यांनी कॅम्पबेल बेच्या आसपास शेतं केली, नारळ लावले. त्सुनामीत किनाऱ्यावरच्या त्या वसाहती वाहून गेल्या. ही कुटुंबं गेली जहाजानं. आणि आजही तिथल्या बहुतेकांना मुलगा शिकायला पाठवायचा किंवा म्हातारीला मोठ्या दवाखान्यात न्यायचं, तर आधी पोर्ट ब्लेअरपर्यंतचं जहाज बघावं लागतं. जहाजं आता परवडत नाहीत, विमानं वाढवा, असं बैठकीच्या खोलीत बसून म्हणणाऱ्या माझ्या निवृत्त मित्रांनी एकदा या आपल्याच भाईबंदांसोबत बंकमध्ये तीन रात्री काढाव्यात. एलटीसीच्या सवलतीनं, विमानाचा हक्क नसलेल्या सरकारी कर्मचाऱ्यालाही अंदमानला उडता येऊ लागलं, हे उत्तमच झालं. पण त्यामुळे ज्यांच्या आवाजाला वजन आहे असा एकेक प्रवासी जहाजावरून उतरला, आणि मग जहाजाच्या गैरसोयींबद्दल भांडणार कोण?

गैरसोयी आहेत, लपवत नाही. फेऱ्या महिन्यातून मोजक्याच. वेळापत्रक थोडंच आधी कळतं आणि तेही बदलतं. बंकमध्ये दुमजली पलंगांच्या रांगा, सामायिक संडास, दुसऱ्या दिवसापासून ओकारीचा वास. जेवण म्हणजे भात, सांबार आणि नशिबाचा भाग. दमेकऱ्याला, पोटुशीला, हृदयविकार असलेल्याला मी जहाज सुचवणार नाही. पावसाळ्यात तर कुणालाच नाही.

जाणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारी धरा, समुद्र तेव्हा त्यातल्या त्यात शांत असतो. ॲव्होमिन गोळी उलटी सुरू होण्याआधी घ्या, नंतर घेऊन उपयोग नाही. चिवडा, लोणचं, स्वतःची चादर, एक जाड पुस्तक. केबिन परवडत असेल तर केबिन घ्या, पण दिवस डेकवर काढा. आणि जाताना जहाज, येताना विमान, उलट कधीच नाही: परतीचं जहाज दोन दिवस रखडलं की तुमची रजा तिथेच संपते, आणि साहेबाला समुद्राचं कारण पटत नाही.