पीएच.डी.च्या पोरांना मुसकी कां?

आपल्याकडील शेतकरी व कारागीर बंधूंना विद्यापीठ म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी वाडा वाटतो. हा समज आतां टाकून द्यावा. कोणी बैल विकून, कोणी घरधनिणीची बोरमाळ गहाण टाकून आपलीं मुलें व मुली आज पीएच.डी.पर्यंत पोंचविलीं आहेत. तेव्हां त्या वाड्यांत आपल्या लेकरांना कसें वागवितात, हें विचारण्याचा आपल्याला पुरा हक्क आहे.

पोटाची गोष्ट आधीं. केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये झाली. ज्याला ती मिळाली त्याचें बरें आहे. पण ती थोड्यांच्याच वांट्याला येते. बाकीच्यांसाठीं महाराष्ट्रांत बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था निघाल्या. तेथले पैसेही सुखासुखी हातीं पडत नाहींत. बार्टीच्या २०२१ च्या तुकडीला २०२३ सालीं मुंबईच्या आझाद मैदानांत ठाण मांडून बसावें लागलें. त्याच सालच्या डिसेंबरांत, नागपूरच्या अधिवेशनांत, सारथीच्या जागांचा प्रश्न निघाला, तेव्हां त्या वेळच्या उपमुख्यमंत्र्यांनीं पीएच.डी. करून हीं पोरें काय दिवा लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. त्यावर ओरड झाली, आणि ती रास्तच होती.

पण समजा, पोटाची सोय लागली. पुढें काय? मळणीच्या दिवसांत बैलाला आपण वैरण पोटभर घालतों, पण पातीला धरला कीं तोंडाला मुसकी बांधतों. बैलाचें एक वेळ ठीक आहे; धान्य आपलें असतें. येथें धान्यही पोरांचें आणि कष्टही पोरांचेच, तरी मुसकी आहेच.

जर्मनींतल्या कितीएक विद्यापीठांत अशी रीत आहे कीं, पीएच.डी. करणारे कांहीं विद्यार्थी एकत्र आले, आम्हांला अमुक विषयाचा मिळून अभ्यास करावयाचा आहे, अमुक जाणकाराला बोलवावयाचें आहे, असा कागद त्यांनीं दिला, तर विद्यापीठ त्यांना एक लहानशी रक्कम देतें. विषय विद्यार्थ्यांनीं ठरवावा, पाहुणा त्यांनींच निवडावा आणि हिशेबही त्यांनींच द्यावा. आपल्याकडे फेलोशिपबरोबर वरखर्चाची रक्कम असते, कलाशाखेला पहिलीं दोन वर्षें सालीना १०,००० रुपये. पण ती एकट्याची. सातजणांनीं मिळून कांहीं करूं म्हटलें, तर बहुतेक ठिकाणीं त्याला खातेंच नसतें. चर्चासत्रांना मात्र पैसा असतो! त्याचें काय होतें तें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे: मांडव, फ्लेक्स, शाल, श्रीफळ, आणि उद्घाटकांचें दीड तासाचें भाषण. पोरांचें काम खुर्च्या मांडणें, आणि पुढें त्याच भरणें.

कोणी म्हणेल, अभ्यास एकट्यानें करावयाचा असतो, त्याला घोळका कशाला? ज्याचा बाप प्राध्यापक आणि मामा वकील, त्याचा घोळका घरींच ओसरीवर बसलेला असतो. त्याचें लिखाण जेवतां जेवतां तपासलें जातें. कुंभाराच्या पोराचें लिखाण घरीं कोण तपासणार? त्याला दुसऱ्या कुंभाराचें, धनगराचें, माळ्याचें पोर गांठावें लागतें. एका बैलाचा शेतकरी दुसऱ्या एका बैलवाल्याशीं सावड करतो, तेव्हां दोघांचेंही रान नांगरलें जातें. तोच हा प्रकार.

माझ्या हातची शिकलेली एक सुताराची मुलगी शेतीच्या जुन्या अवजारांवर पीएच.डी. करीत आहे. तिनें व इतर सहाजणांनीं दर शनिवारीं बसण्याचें ठरविलें. एकानें इंग्रजी लेख वाचून मराठींत समजावून द्यावा, दुसऱ्यानें आपलें प्रकरण वाचावें, बाकीच्यांनीं त्यांतल्या चुका काढाव्या. त्यांनीं विद्यापीठाकडे मागितलें काय? दोन तास एक खोली, झेरॉक्सचा खर्च, आणि आमच्या तालुक्यांतील एका म्हाताऱ्या लोहाराचें गाडीभाडें व मानधन. सगळें मिळून वर्षाला ६,००० रुपये. अर्ज चार महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. मार्गदर्शकांची सही आणा, विभागप्रमुखांची आणा, आणि शेवटीं ‘तरतूद नाहीं’. एका साहेबांनीं तर विचारलें म्हणे, लोहार येऊन काय सांगणार? इळ्याला पाणी कसें पाजावें तें सांगेल, साहेब. तुमच्या उद्घाटकांना तें येत नाहीं. पोरें आतां लिंबाखालीं बसतात, आणि पाऊस आला कीं सायकलींच्या छपरांत.

यावर पहिला आक्षेप येतो तो पैसे खाण्याचा. १९९२ पासून नाबार्डच्या योजनेखालीं बँका बचत गटांना कर्ज देत आल्या आहेत. दहा ते वीस बाया, कित्येकींना अंगठाच ठाऊक, तारण कांहीं नाहीं, तरी बँक त्यांच्यावर भरंवसा टाकते. आईला कर्ज मिळतें, आणि तिच्या पीएच.डी. करणाऱ्या लेकीवर मात्र ६,००० रुपयांचा भरंवसा नाहीं, हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप पुटपुटून घेतात: पोरें एकत्र बसलीं कीं राजकारण करतात. खरी भीति हीच. मद्रासच्या आय.आय.टी.त २०१४ सालीं निघालेल्या आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता मे २०१५ मध्यें एका निनावी तक्रारीनंतर काढली, आणि देशभर बभ्रा झाल्यावर जूनमध्यें परत द्यावी लागली. हैदराबाद विद्यापीठांतील रोहित वेमुला हा आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता. जुलै २०१५ पासून त्याची २५,००० रुपयांची फेलोशिप थकली, मग निलंबन झालें, वसतिगृह सुटलें, आणि १७ जानेवारी २०१६ रोजीं त्यानें आपला जीव दिला. मागें ठेवलेल्या पत्रांत थकलेले सात महिन्यांचे पैसे घरच्यांना मिळावे, एवढें तो लिहून गेला. जेथें मंडळ आणि पैसा दोन्ही साहेबाच्या मर्जीवर लटकतात, तेथें काय होतें तें यावरून दिसतें. म्हणून आम्हांला मेहेरबानी नको, नियम पाहिजे.

आणि ही कल्पना परदेशाहून आणावी लागते असेंही नाहीं. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें उभीं केलीं. जागा दिली, सालीना मदत दिली, आणि कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींवर सोंपविला. पैसा दिला म्हणून लगाम आपल्याच हातीं हवा, असें त्या राजाला वाटलें नाहीं; आजच्या कुलगुरूंना वाटतें.

मागणी अगदीं लहान आहे. प्रत्येक विद्यापीठानें अंदाजपत्रकांत यासाठीं वेगळें सदर ठेवावें. पांच विद्यार्थ्यांच्या सहीचा एक कागद पुरा समजावा, त्यावर मार्गदर्शकाची सही मागूं नये. महिन्याच्या आंत निकाल द्यावा, आणि नाकारल्यास कारण लेखी द्यावें. हिशेब मंडळानें फलकावर लावावा, म्हणजे कोणालाही पाहतां येईल. लोहार किंवा बी राखणारी आजी बोलावली, तर तिला प्राध्यापकाइतकेंच मानधन द्यावें.

हें अंदाजपत्रक अधिसभेपुढें येतें. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याप्रमाणें तेथें नोंदणीकृत पदवीधरांचे १० प्रतिनिधी निवडून जातात. आपल्या घरांतील पदवीधर मुलासुनांचीं नांवें त्या यादींत आहेत कीं नाहींत, तें आधीं पाहा, नसल्यास घाला. मतें मागायला उमेदवार येतीलच. चहा पाजा, आणि या सदराखालीं किती रुपये घालणार, तो आंकडा त्यांच्याकडून लिहून घ्या.