भिंतीवरचे तळे

दुसरबीडच्या एका जुन्या वाड्यात, माळवदाखालच्या खोलीत, एक चित्र टांगलेले आहे. हातभर लांबीचे. संध्याकाळचे तळे, काठाला दगडी पायऱ्या, पाण्यावर आलेली गुरे आणि मागे निळसर होत गेलेल्या टेकड्या. घरातली मंडळी त्याला 'सिंदखेडचा मोती तलाव' म्हणतात. मला मात्र त्या टेकड्या आपल्याकडच्या वाटत नाहीत. चित्रावर सही नाही. मागे पुठ्ठा आहे, आणि पुठ्ठ्याला वाळवी.

गेल्या महिन्यात समृद्धी महामार्गावरून उतरून एक व्यापारी आला. जुनी कपाटे, पितळी समया बघता बघता त्याची नजर भिंतीवर गेली आणि त्याने पंधरा हजार रुपये सांगितले. घरच्या पुतण्याने लगेच मोबाइल काढून मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्राची किंमत दाखवली. काकूंनी मला बोलावणे धाडले. "भाऊ, तुम्ही बँकेत होते ना, तुम्हीच सांगा, पंधरा हजार बरोबर की कोटी बरोबर?"

बँकेत मी सोने, कापसाच्या गाठी, ट्रॅक्टर, एवढेच काय एकदा बैलजोडीही तारण म्हणून पाहिली. चित्र कधी आले नाही. पण बँकेने एक गोष्ट शिकवली, ती इथे उपयोगी पडली : वस्तूइतकीच वस्तूच्या कागदाला किंमत असते.

पुतण्याने दाखवलेले चित्र म्हणजे 'ग्रामयात्रा'. पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांनी ते 1954 साली रंगवले. खेड्यातल्या जगण्याचे 13 तुकडे एका लांबलचक पटावर. मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला 1 कोटी 37 लाख डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे 118 कोटी रुपये आले. आकडा सर्वांच्या लक्षात राहिला. त्यामागचा फेरफार कुणी वाचला नाही. दिल्लीत आलेल्या एका डॉक्टरांनी ते 1954 सालीच विकत घेतले, नॉर्वेला नेले, 1964 मध्ये ऑस्लोच्या रुग्णालयाला दिले, आणि तिथे ते अनेक वर्षे भिंतीवर राहिले. कुणाकडून कुणाकडे गेले, याची साखळी कुठे तुटलेली नाही. जमिनीला सातबारा लागतो तसाच चित्रालाही लागतो.

आता याच्या उलट उदाहरण. कोल्हापूरचे आबालाल रहिमान. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकून ते परत आले, छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले आणि कोटितीर्थाच्या काठी एकटे राहिले. रंकाळा, पंचगंगेचा घाट, सकाळचे धुके, संध्याकाळचे पाणी. माणसांच्या तसबिरींना पैसा मिळण्याच्या काळात हा मनुष्य तळ्याकाठी बसून उजेड रंगवत होता. बाबूराव पेंटरांसारख्या पुढच्या पिढीतल्या कलावंताने त्यांना मानले. मे 1922 मध्ये महाराज गेले, आणि त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रे पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात सांगतात. उरली त्यातली काही टाऊन हॉलच्या संग्रहालयात बघायला मिळतात. मी ती दोनदा पाहिली आहेत. दुसऱ्या खेपेस तासभर उभा राहिलो आणि सौभाग्यवतींनी शेवटी बाहेरच्या बाकावर बसून घेतले.

आपला 1972 चा कायदा पाहा. शंभर वर्षांचे चित्र झाले की ते पुरावस्तू ठरते, आणि खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. त्याहून नव्या चित्रांसाठी सरकारने नऊ चित्रकारांना राष्ट्रीय ठेवा ठरवले आहे. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, रवींद्रनाथ, नंदलाल बोस अशी ती नावे. आबालालांचे नाव त्यांत नाही. ते वारले 28 डिसेंबर 1931 रोजी. म्हणजे 2031 संपता संपता त्यांच्या हातचा शेवटचा कागदही आपोआप पुरावस्तू होईल. हिशेब सोपा आहे, पण तो मांडायला कागदावर तारीख हवी. जिथे सहीच नाही, सालच नाही, तिथे कायदा कुणाच्या बाजूने उभा राहणार? असल्या चित्राला 'जुनी सीनरी' म्हणून गाडीच्या डिकीत घातले की झाले. नऊ नावांची यादी दिल्लीत करणे सोपे. तालुक्याच्या गावी कुणी भिंती बघत हिंडत नाही.

मी भिंग घेऊन गेलो होतो. छापील चित्र असेल तर भिंगाखाली बहुधा बारीक ठिपक्यांची जाळी दिसते. इथे ती नव्हती. गुरांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाचा जाड थर होता, आणि पाण्यात कुंचला ओला असतानाच फिरलेला दिसत होता. हातचे काम, जलरंगातले, आणि हात तयार. आबालालांचे आहे का, हे पुतण्याने तीनदा विचारले. तसे म्हणायला माझ्याकडे काडीचाही आधार नाही, हे मी तीनदा सांगितले. त्याचा चेहरा उतरला. त्याला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा आहे, हे मला ठाऊक होते. त्याला दोष कसा देऊ?

मग आम्ही चित्र उतरवले. पुढून, मागून, कोपऱ्यांचे असे सात फोटो काढले. वाळवीचा पुठ्ठा काढून टाकला, पण आधी त्याचाही फोटो घेतला. काकू सांगत गेल्या आणि पुतण्या वहीत लिहीत गेला : सासूबाईंच्या माहेराहून आले, लग्नात, बैलगाडीत, गोधडीत गुंडाळून. माहेर कुठले? सासूबाईंचे वडील संस्थानात नोकरीला होते. कुठल्या संस्थानात? काकू बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या. "नणंदबाईंना माहीत असंल," म्हणाल्या. नणंदबाई जालन्याला असतात, वय एक्क्याण्णव.

व्यापाऱ्याला मंगळवारी या म्हणून सांगितले होते. पुतण्याने फोन करून पुढच्या मंगळवारी बोलावले आहे. मधल्या रविवारी आम्ही तिघे जालन्याला जाऊन येणार आहोत.