हक्कसोडपत्रातील ‘मी’

मराठी गद्याची परंपरा शिकवताना आपण बखरीपासून निघतो आणि निबंध, कादंबरी, आत्मचरित्र अशा टप्प्यांनी आजपर्यंत येतो. या परंपरेत ज्याला कधीच स्थान मिळाले नाही असे एक गद्य महाराष्ट्रातल्या घराघरांत पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेले असते. ते म्हणजे दस्तऐवजांचे गद्य : खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र. त्यांपैकी हक्कसोडपत्राविषयी येथे लिहावयाचे आहे. वडील गेल्यानंतर, बहुधा वर्षश्राद्धाच्या आत, हा दस्त बहिणीकडून भावाच्या नावे करून घेतला जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी तो वाचला पाहिजे, असे आमचे मत आहे.

प्रथम कायद्याची स्थिती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात वारस म्हणून स्थान दिले. परंतु वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मुलालाच राहिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये दुरुस्ती करून मुलींनाही सहदायाद केले, मात्र २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद संपवला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे काय, हा वाद पुढे पंधरा वर्षे चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाली काढला. मुलीचा हक्क जन्माने येतो, त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व हस्तांतरे मात्र अबाधित राहिली.

म्हणजे कायद्याने द्यावयाचे ते बव्हंशी दिले आहे. जे दिले ते परत घेण्याचे काम आता एक दस्त करतो, आणि तो मराठीत लिहिलेला असतो.

या दस्ताची भाषा पाहावी. त्यात दोन पक्ष असतात, ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’. लिहून देणारी बहीण प्रथमपुरुषी एकवचनात बोलते : मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता माझा हक्क सोडून देत आहे, यापुढे माझा वा माझ्या वालीवारसांचा या मिळकतीशी काही संबंध राहिलेला नाही. कथेतील ‘मी’ म्हणजे लेखक नव्हे, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला बजावून सांगतो. येथे तर ‘मी’ने यातील एक शब्दही लिहिलेला नसतो. मजकूर वकिलाकडे किंवा दस्तलेखकाकडे तयार असतो, खर्च भावाने केलेला असतो, आणि दडपण नसल्याची ग्वाही ज्या वाक्यात असते ते वाक्य सर्व दस्तांत जवळजवळ सारखेच असते. ज्या वाक्यात फक्त नाव बदलते, ते कोणाच्याही मनाची साक्ष कशी देणार?

या दस्तातील सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘प्रेमापोटी’ हा आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार मोबदल्याविना केलेला करार सामान्यतः निरर्थक ठरतो. त्याच्या २५ व्या कलमात एक अपवाद आहे : जवळच्या नात्यातील व्यक्तींनी नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी केलेला, लेखी आणि नोंदणीकृत करार ग्राह्य असतो. अशा रीतीने प्रेम हे कायदेशीर कारण बनते. जात्यावरच्या ओव्यांत भाऊ-बहिणीच्या प्रेमाचा केवढा मोठा संसार आहे हे मराठीच्या शिक्षकांना सांगावयास नको. त्या ओव्यांतली बहीण भावाच्या घराची भरभराट चिंतते आणि स्वतःसाठी चोळीपुरते मागते. ते प्रेम खरे आहे, यात आम्हाला शंका नाही. आमचा आक्षेप त्या प्रेमाची किंमत एकाच बाजूने वसूल होण्याला आहे. भावाने प्रेमापोटी आपला वाटा बहिणीला लिहून दिला, असे किती दस्त आपल्या पाहण्यात येतात?

यावर एक उत्तर दिले जाते आणि ते प्रामाणिकही असते : आईवडिलांना भावाने सांभाळले, कर्ज त्याने फेडले, दोन एकरांचे तुकडे कोणी किती करावेत? ही कारणे खरी असतील तर तीच दस्तात लिहावीत. बहिणीला काही रक्कम दिली असेल तर ती नमूद व्हावी. आईच्या राहत्या घरावरील हक्काचे कलम असावे. तिच्या गैरसोयीचे वास्तव ‘प्रेमापोटी’ या एका शब्दाखाली झाकले जाऊ नये. ‘हक्क मागितला तर माहेर तुटेल’ ही भीती न्यायालयात दडपण म्हणून सिद्ध करणे फार कठीण आहे, पण घरात ती प्रत्येकाला ठाऊक असते.

म्हणून काही साध्या गोष्टी विद्यार्थिनींना माहीत असाव्यात. स्थावरातील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृत असावा लागतो. तलाठ्यासमोर दिलेल्या जबाबाने किंवा फेरफाराच्या नोंदीने मालकी जात नाही. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीतील भावी वारसा सोडून देण्याला सामान्यतः अर्थ नसतो, कारण नुसती आशा हस्तांतरित होत नाही. सही झालेला दस्त मात्र मनात आले म्हणून मागे घेता येत नाही. फसवणूक वा दडपण सिद्ध करावे लागते आणि त्यालाही तीन वर्षांची मुदत असते. सर्वांत सुरक्षित क्रम असा की, आधी सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू द्यावे, आणि सोडावयाचे की नाही हे नंतर, सवडीने ठरवावे.

व्यावहारिक मराठीच्या तासाला आपण अर्ज, इतिवृत्त आणि जाहिरात शिकवतो. त्यांच्या जोडीला एक कोरे हक्कसोडपत्र वर्गात वाचावे, असे आम्ही सुचवू. त्यातील ‘मी’ कोण, क्रियापदे कोणाची, ‘राजीखुशी’ कोणाची, असे प्रश्न विचारावेत. समोर बसलेल्या मुलींपैकी बहुतेकींना आयुष्यात कादंबरी लिहावी लागणार नाही. हा एक मजकूर मात्र त्यांच्यापैकी अनेकींसमोर सहीसाठी ठेवला जाईल, आणि त्या दिवशी शेजारी शिक्षक नसेल.