पहिला घोट देण्यापूर्वीं

घरांतील वडील माणसास एकाएकीं पक्षाघाताचा झटका आला, तोंड वांकडें झालें, वाचा अडखळली, कीं सर्वांची तारांबळ उडते. मेढ्यासारख्या गांवीं रोग्यास साताऱ्यास नेण्याकरितां गाडी येईपर्यंत कोणीतरी मायेनें पाण्याचें फुलपात्र त्याच्या ओंठांस लावतें. हेतु चांगला, परंतु त्या घोटांत जिवाचा धोका असतो.

घशांत अन्नाची व श्वासाची वाट शेजारीं शेजारीं आहे. गिळतांना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललें जातें आणि श्वासनलिकेचें दार मिटतें. ही सारी व्यवस्था मेंदू पाहतो. झटक्यानें ती ढिली पडली म्हणजे दार मिटण्यापूर्वींच पाणी आंत उतरतें व त्यांतून न्यूमोनिया उद्भवूं शकतो. घट्ट पेजेपेक्षां पातळ पाणीच अशा वेळीं बहुधा अधिक घातक, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

म्हणून रुग्णालयांत गिळण्याची परीक्षा होईपर्यंत तोंडावाटे कांहींही, औषधाची गोळीदेखील, देऊं नये. परीक्षक प्रथम रोगी पुरता जागा आहे काय, ताठ बसूं शकतो काय, हें पाहतो. मग चमचाभर पाणी देऊन स्वरयंत्र वर येतें कीं नाहीं, ठसका लागतो काय, आवाज ओलसर, घुरघुरता होतो काय, हें न्याहाळतो. सुमारें ९० मिलिलिटर पाणी न थांबतां पिण्याची कसोटी १९९२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. मात्र कित्येकांस पाणी श्वासनलिकेंत जाऊनही ठसका लागत नाहीं. त्यांची पारख क्ष-किरणांनीं अथवा नाकांतून घातलेल्या बारीक दुर्बिणीनें होते. वाचेवर उपचार करणारे तज्ज्ञच गिळण्याचीही परीक्षा करतात. मुंबईस १९८३ सालीं स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेंत असे तज्ज्ञ तयार होतात.

रोगी घरीं आल्यावर ही नजर घरच्यांनीं ठेवावयाची. त्यास ताठ बसवावें, भरविणाऱ्यानें समोर बसावें, अर्धा चमचा द्यावा आणि तो गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा. जेवणास किती वेळ लागला, गालांत घांस सांचला काय, आवाज बदलला काय, वजन घटलें काय, हें वहींत टिपून डॉक्टरांस दाखवावें.

पंक्तींतील आग्रह ही आपली जुनी रीत. येथें मात्र ती आवरावी. रोग्यानें मान फिरविली कीं थांबावें. पुरेसें अन्न पोटांत जात नसेल, तर नळीनें अन्न देण्याविषयीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बळेंच भरवूं नये.